टाकीचं लंघन

रसाच्या कारखान्यामागे जमिनीत उतरवलेली टाकी ढेकरमामाच्या ताब्यात होती. फळांच्या साली, चोथा, बिया, आसपासच्या शेतांतला भुसा, गोठ्यातलं शेण, जे कुणालाच नको ते तिच्या तोंडात जाई. आत ते कुजे, गॅस धरे आणि वर पालथी घातलेली पत्र्याची टोपी हळूहळू उचलली जाई. त्या गॅसवर कारखान्याचा बॉयलर चाले. मधूनच टाकीत मोठा बुडबुडा फुटे. मग साली काढणाऱ्या बायका टेबलावरून ओरडत, "मामा, ढेकर आला! जेवण झालं वाटतं तुमचं!" म्हणून तो ढेकरमामा. त्याची बायको त्याच बायकांत बसे आणि सगळ्यांत आधी हसे.

आई लवकर गेली, तेव्हा तो आज काकाकडे, उद्या आत्याकडे असा वाढला. पानात पडेल ते संपवायचं, नको म्हणायचं नाही, हे तिथे शिकला. नको म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी विचारत नाही. पुढे आयुष्यभर त्याने कशालाच नको म्हटलं नाही आणि टाकीलाही आपलंच वळण लावलं.

त्या वर्षी फळ उदंड आलं. मागच्या फाटकाशी चोथ्याचे ढीग चढले, माश्या घोंगावू लागल्या, शेजारचे भांडायला आले. मालक म्हणाले, "मामा, तेवढं तिच्या पोटात ढकला." त्याने ढकललं. गॅस उतरला. त्याला वाटलं, भूक असेल. त्याने आणखी घातलं. उपाशी वाढलेला माणूस दुसरं काय करणार?

मग टोपी वर चढली, कधी नव्हे इतकी. पण बर्नरला काडी लावली की ती विझे, कुणी फुंकर घालावी तशी. टाकीच्या मोरीतून शिरक्याचा आंबूस वास यायला लागला. लिटमसचा कागद बुडवला तर तांबडा. पोट न पेटणाऱ्या वाऱ्याने फुगलं होतं, आत आग नव्हती. टाकी आंबली होती.

"बरी होईल?" मालकांनी विचारलं.

"लंघन द्यावं लागेल."

"किती दिवस?"

"ते तीच सांगेल."

मालक हसले नाहीत. डिझेलवर चालणारा बॉयलर विकणारा माणूस दोनदा येऊन गेला होता. "शुक्रवारी सकाळी मी स्वतः काडी लावतो," ते म्हणाले. "पेटलं तर ठेवू. नाहीतर कापून भंगारात. तुमचंही बघू काहीतरी."

'बघू'चा अर्थ ढेकरमामाला काकाच्या घरापासून ठाऊक होता. या वयात दुसरं कोण ठेवून घेणार? आणि ठेवलं तरी कशाला? त्याला एवढंच येत होतं: एका पोटाची काळजी घेणं.

त्याने टाकीचं तोंड बंद केलं. चुन्याची निवळी सोडली, ताज्या शेणाचा काला पाजला, लांब बांबूने ढवळत राहिला. ढीग सडत होते, शेजारचे शिव्या देत होते, तो ढवळत होता. स्वतःही जेवेना. व्रत वगैरे नव्हतं, घासच उतरेना. बायको डबा उघडून समोर बसे.

"अहो, लंघन तिला सांगितलंय. तुम्हाला नाही."

"घशाखाली जात नाही गं."

"मग मीही नाही जेवत. बघू कोण आधी पडतंय."

आणि गुरुवारी सकाळी काडी विझली नाही. बर्नरच्या एका भोकावर नखाएवढी निळी ज्योत थरथरत उभी राहिली. त्याने बायकोला हाक मारली. एप्रनला हात पुसत ती धावत आली.

"एवढीशी?"

"एवढीशी पुष्कळ आहे. बरी होतेय. आता भूक लागेल तिला."

दुपारी तिने त्याला घरी झोपायला पाठवलं. तो भिंतीकडे तोंड करून मेल्यासारखा झोपला.

शुक्रवारी सकाळी फाटकातूनच त्याला टोपी दिसली. उंच, ताठ. बायका टाकीभोवती उभ्या होत्या, लग्नघरातल्यासारख्या. बायको पुढे आली.

"बघा! किती वर आलीय!"

त्याला आधी वास आला. शिरक्याचा. टाकीच्या तोंडाशी नारिंगी सालीचा एक तुकडा चिकटला होता, सुबक, बारीक चिरलेला.

"कुणी घातलं?"

"आम्ही सगळ्यांनी," बायको म्हणाली. "तुम्हीच नाही का म्हणालात, भूक लागेल? तेवढ्याशा ज्योतीवर बॉयलर कसा पेटणार होता? सडकं नाही हं घातलं. ताजं घातलं, गोड."

"आणि बारीक चिरून, मामा!" मागून एक म्हणाली. "पचायला हलकं. सासूला कधी एवढं चिरून घातलं नाही मी!"

हशा पिकला. बायको हसत नव्हती. ती त्याचा चेहरा वाचत होती.

"चुकलं का काही?"

तिच्या अंगठ्यावर सुरीचे ताजे चरे होते. किती चिरलं असेल हिने? फाटकाशी मालकांची गाडी थांबली.

"नाही गं," तो म्हणाला. "भुकेलीच होती ती."

"खरंच?"

"खरंच."

तिचे खांदे खाली आले. "मग आता तरी चार घास खा," म्हणत तिने डबा उघडला. त्याला नको म्हणता आलं नाही. टाकीच्या काठावर बसून तो खाऊ लागला. प्रत्येक घासाला शिरक्याचा वास होता. मालक बर्नरकडे निघाले होते, खिशात काडेपेटी चाचपत. टाकीत मोठा बुडबुडा फुटला.

"ढेकर आला, मामा!" बायका ओरडल्या.

"आला, आला," तो म्हणाला आणि डब्याचा तळ बोटाने पुसू लागला. बायको शेजारीच बसली होती. तिची नजर मालकांच्या हातातल्या काडीवर होती. त्याने तिकडे पाहिलं नाही.