लाईट नसताना वाजलेला ट्रॅक

असले किस्से सुरू झाले की मी चहा सांगायला उठणारा माणूस. या सदरातले अनुभवही मी हसायलाच वाचायचो, खोटं कशाला बोलू! माझं कामच असं, की कुठला आवाज कुठून आला हे समोर स्क्रीनवर दिसतं. आवाज आहे म्हणजे वायर आहे, वायर आहे म्हणजे करंट आहे... गेल्या मे महिन्यापर्यंत मी असंच धरून चाललो होतो.

मी सलीम, राहणार आष्टा. बाजारपेठेत आमचं गाद्यांचं दुकान. अब्बा कापूस पिंजतात, अम्मी रजयांना टाके घालते आणि मी दुकानाच्या वरच्या खोलीत जुने टेक्नो ट्रॅक नव्याने करतो. म्हणजे तीसेक वर्षांपूर्वीचे, नुसत्या मशीनवर केलेले. ट्रॅक जबरदस्त, पण आजच्या मोठ्या स्पीकरवर पापडासारखे वाजतात. मग त्यांची किक — म्हणजे मुख्य ठोका — जाड करायची, बेस खाली न्यायचा, वेग थोडा वाढवायचा. सांगली-साताऱ्याची पोरं त्यावर घाम निघेपर्यंत नाचतात. अब्बांच्या मते मात्र हे कामच नव्हे. "दिसभर ढुम ढुम! मी गिऱ्हाइकाशी बोलू का तुझं ऐकत बसू?"

शेवटी त्यांनीच उपाय काढला. खिडकी विटांनी बुजवली आणि भिंतींना, छताला, दाराला आतून गाद्या ठोकल्या. अस्सल कापूस, चार बोटं जाड. खाली जाणारा आवाज साफ बंद झाला. आमच्यातलं बोलणंही त्यानंतर जवळपास बंदच झालं. भांडायला कारण उरलं नाही ना!

त्या दुपारी अडीचच्या सुमारास मी एका ट्रॅकच्या मधल्या भागावर अडलो होतो. मधेच ठोका थांबवायचा, लोकांना ताटकळत ठेवायचं आणि मग परत आणायचा — त्याला ब्रेक म्हणतात. तो कुठे ठेवावा ते जमत नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस महिन्यापूर्वीच मेलेला, फोन खाली चार्जिंगला. चाचपडत दाराशी गेलो, हँडल ओढलं... आणि हँडल हातात आलं. दार बंदच.

आधी हसू आलं. मग हाका मारल्या. माझा आवाज त्या कापसात असा जिरत होता, की माझा मलाच नीट ऐकू येईना. दारावर लाथा घातल्या, पण गादीवर लाथ घालून काय होणार? वर पत्रा, बाहेर मे महिना. शर्ट अंगाला चिकटला, श्वास पुरेना. गादी फाडायला नखं लावली, तर अम्मीचा टाका, तो कसला उसवतोय! या खोलीत मी मरणार आणि दहा पायऱ्या खाली दुकानात बसलेल्या माझ्या बापाला कळणारही नाही, असं वाटलं. रडलो, सरळ सांगतो.

डोकं ठिकाणावर राहावं म्हणून कोपऱ्यात बसलो आणि ट्रॅक मनात चालवायला लागलो. फक्त मनात. तोंड इतकं कोरडं पडलेलं, की ओठसुद्धा हलत नव्हते. तीन ठोके, चौथ्यावर टाळी. ती टाळी मी जरा उशिरा पाडली — कंप्युटरवर तशी नव्हती, तिथं अंधारातच सुचली. किती वेळ चालवलं कोण जाणे. मग सगळं जड झालं, ठोके लांब लांब पडायला लागले आणि पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं. अब्बा तोंडावर पाणी मारत होते, बाजूला स्क्रू ड्रायव्हर पडलेला.

"अब्बा... तुमाला कळलं कसं?"

"वाजायचं थांबलं की रं! दोन तास सारखं ढुम ढुम चाललं हुतं. म्हटलं, पोरगं कामात हाय. मग हळू हळू झालं आन् थांबलंच. परत सुरू हुईना. मला काय बरं वाटंना, म्हणून आलो."

"लाईट कवा आली?"

"लाईट?" अब्बा वर बल्बकडे बघत राहिले. "लाईट कुठं आलीया..."

मी उठून बसलो आणि म्हटलं, काय ऐकलं ते वाजवून दाखवा. त्यांनी बोटांनी फरशीवर वाजवलं. तीन ठोके, आणि चौथ्यावर टाळी... जरा उशिरा.

अम्मी त्यांच्या शेजारीच टाके घालत होती, तिला काही ऐकू आलं नव्हतं. शेजारच्या गिरणीचं जनरेटर असेल म्हणून तिथंही विचारून आलो, गिरणी त्या दिवशी बंद होती. मला उष्म्याने भास झाला म्हणा, पण भास मला झाला असेल तर ऐकलं अब्बांनी कसं? त्यांना कितीदा विचारलं. "मला काय ठाऊक? ऐकू आलं," एवढंच म्हणतात. आणि त्या गाद्यांमधून तर लाईट असतानाही आवाज खाली जात नाही.

पुढे तो ट्रॅक पुरा केला. अब्बा पहिल्यांदाच वर येऊन माझ्या शेजारी बसले, दार उघडं ठेवून. मी लावला. मधे ब्रेक आला, ठोका थांबला... आणि अब्बांनी माझं मनगट घट्ट धरलं. ठोका परत येईपर्यंत सोडलं नाही.

"हे मधलं काढ," म्हणाले.

मी काढलं. आता तो ट्रॅक सुरू झाला की शेवटपर्यंत कुठेही थांबत नाही.