चुलीत लिंपलेला तवा

चुलीत तवा लिंपून कायमचा बसवायचा, ही अक्कल माझी. दुसऱ्या कुणाची न्हाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'अगं, तुला एवढं कळलं कसं न्हाई?' असं मधेच कुणी विचारायला नको.

मला उमरग्याजवळच्या खेड्यात दिलं होतं. माघात लग्न झालं आणि चैत्रात माझी सासू विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण हाड वाकडंच बसलं. भाकरी थापायला तो हात चालायचा, वजन मात्र पेलायचा न्हाई. आणि आमचा तवा म्हणजे तवा कसला, गाडीचं चाकच! घरची चार माणसं, वर दोन सालगडी. रोजच्या वीस-बावीस भाकरी. चुलीला मोठं तोंड एकच. तवा चढवा, भाकरी करा, मग तो तापलेला तवा उतरवा आणि डाळीचं पातेलं चढवा. सासूला ते जमंना, म्हणून चूल माझ्याकडं आली.

ती दाराशी बसून ज्वारी निवडायची आणि माझ्या भाकरीकडं बघायची. "कड जाड राहिली," एवढंच म्हणायची. मला असा राग यायचा! रोज कशी कड जाड राहील?

पण माझा जीव अडकला होता पंचमीत. लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरची. भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो, आठ दिवस आईजवळ राहायचं, झोके घ्यायचे. माहेर माझं अणदूरचं. आणि एका सकाळी सासरे जेवता जेवता म्हणाले, "औंदा सूनबाईला कसं धाडावं? हितं भाकऱ्या कोण करंल?" मी दाराआड उभी होते. सगळं ऐकलं.

बाप्यांनी तवा उतरवायचा म्हटलं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. हलका तवा घ्यावा तर जर्मनीच्या लढाईचे दिवस, उमरग्याच्या बाजारात लोखंड बघायला मिळंना. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आमचं गाव निजामाच्या; तिथून आणायचं म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरा, वर शंभर सवालांना जबाब द्या. मग मला आठवली उमरग्याच्या हमरस्त्यावरची खानावळ. लग्नाच्या गाड्या तिथं पाण्याला थांबल्या होत्या. त्या खानावळवाल्याचा तवा भट्टीतच लिंपलेला होता. उतरवायचा न्हाई, चढवायचा न्हाई. तसं घरी केलं तर सासू एकटी भाकरी करील, आणि मी सुटले!

तरी चार दिवस इचार केला, उगंच न्हाई. मोठं तोंड कायमचं बंद झालं की डाळ, दूध सगळं वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या छोट्या तोंडावर जाणार. तिथं आच कमी, येळ जास्त. पाहुणे आले तर मोठं पातेलं कुठं ठेवायचं? तव्याखालची काजळी खरवडता यायची न्हाई. पण आमच्याकडं पाहुणा कधीमधी, आणि भाकरी रोजची. शिवाय तवा सारखा तापलेला, सरपण कमी. कुणी आजही विचारलं तर मी हेच सांगंन, आपल्या घरी रोज काय शिजतं ते आधी बघा.

सासूला विचारलं. ती कितीतरी येळ तव्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "कर तुझ्या मनानं."

जेठात, पाऊस लागायच्या आधी, मी तवा बसवला. माती, भुसा आणि घोड्याची लीद मळून पहिल्यांदा लिंपला तो अगदी घट्ट. दुसऱ्या दिवशी आच लागली आणि माती तडकली. लोखंड तापलं की फुगतं, हे मला काय ठाव? मग कडेनं बोटभर फट ठेवून त्यात राख दाबली. मागं धुराला भोक ठेवलं. तव्यावर ओंजळभर पाणी ओतून बघितलं, पाणी एका कडेला पळंना. तवा सरळ बसला होता.

आणि सासू चुलीपुढं बसली. दोन महिन्यांनी पहिली भाकरी तिनं तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि आहारापुढं, म्हणजे चुलीतून ओढलेल्या निखाऱ्यांपुढं, उभी केली. टम्म फुगली. सासूच्या तोंडावर असं हसू मी तोवर बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती परातीला मला हात लावू देईना. मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला लागले.

पंचमीच्या दोन दिवस आधी दादा गाडी घेऊन आला. दिवस कलायला आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटं निघायचं ठरलं. पाहुण्यांसाठी कालवण वैलावर ठेवून मी आनंदात कांदा चिरत होते. सासू भाकरी थापत होती. थापता थापता खाली मान घालून म्हणाली, "परवा पंचमी. तवा कसा उतरवायचा गं?"

अगं बाई! पंचमीला चुलीवर तवा ठेवत न्हाईत. चिरायचं न्हाई, भाजायचं न्हाई; तवा तापला तर नागाच्या फडीला चटका बसतो. त्या दिवशी पुरणाची दिंडं करायची, तीही पातेल्यात वाफवून. आणि आमचा तवा तर चुलीतच गाडलेला! वैलावर शिजवावं म्हटलं तरी जाळ एकच, तवा तापणारच. फोडून काढावा तर श्रावणाच्या दमटीत नवी माती पंधरा दिवस वाळायची न्हाई, आणि सुटा तवा सासूला उचलायचा न्हाई. म्हणजे माझं जाणं बुडालं. ज्या तव्याच्या जिवावर जायचं होतं, त्या तव्यानंच पाय धरले.

मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. उभ्या जन्मात हिनं इतक्या पंचम्या केल्या, आणि हिला आज आठवलं? मी विळी बाजूला सारली. ओसरीवर दादा बसलाय याचंही भान राहिलं न्हाई.

"आत्याबाई, तुम्हाला ठाव होतं. तवा बसवला त्याच दिवशी ठाव होतं!"

"व्हय."

"मग बोलल्या का न्हाईत?"

तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. सासूनं ती उलटली न्हाई. "बोलले असते तर तू तवा बसवला नसतास," ती म्हणाली. "दोन महिनं नुसती ज्वारी निवडत बसले हुते मी. वाटलं, संपलं आपलं. तू तवा बसवायचा म्हणालीस आन् मला लोभ सुटला, पोरी. आज बोलू, उद्या बोलू म्हणत ऱ्हायले."

तिचे डोळे भरले होते. मला तिची कीवही आली आणि रागही तेवढाच आला. मी रडायलाच लागले. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तू जा. जाताना सपराखाली तीन दगडं तेवढी मांडून जा. चुलीला मी पंचमीदिवशी काडी लावत न्हाई. दिंडं भाईर करते."

"एका हातानं?"

"दुसराबी हाय की, वाकडा का असंना."

पहाटं मी तीन दगड मांडले, हलतात का ते बघितलं, सरपण आत ओढून ठेवलं आणि गाडीत बसले. माहेरी झोके घेतले, फुगड्या खेळले. आईनं दिंडं वाढली, वर तुपाची धार. पहिला घास तोंडात घातला आणि सपराखालचे ते दगड डोळ्यांपुढं आले. आई म्हणाली, "सासर आठवलं वाटतं?" मी म्हटलं, "छे!"

आठ दिवसांनी परत आले. दगड काळे पडले होते, एक कलंडला होता. सासूच्या डाव्या हातावर पोळल्याचा चट्टा होता.

"हे काय, आत्याबाई?"

"काय न्हाई. वाफ लागली जरा. तुझ्या मामंजीला दिंडं आवडली. हात धू, बस."

मी परात घ्यायला गेले तर तिनं ती आपल्याकडं ओढली. सासरी माझं जेवण नेहमी सगळ्यांच्या मागून, उरलेल्या गार भाकरीचं. त्या दिवशी सासूनं तव्यावरची भाकरी आहारापुढं फुगवली आणि थेट माझ्या ताटात टाकली. बोटं भाजत होती तरी मी मोडली.

कड जाड राहिली होती. मी दुसरी मागून घेतली.