सगळ्यात उशीर लावणारी तार

हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. माझे न हसताच दिसायचे. घरातून आधी ते बाहेर पडायचे, मागून मी. आत्यानं लहानपणीच शिकवलं होतं, हसू आलं की तोंडावर हात धरायचा. मी इतकी खिदळणारी की उजवा हात दुसऱ्या कामाला मोकळा म्हणून नसायचाच.

पण खरं सांगू? या दातांचे माझ्यावर उपकार होते. बारावीनंतर दोन स्थळं आली, चहा ढोसून गेली, परत फिरकली नाहीत. तेवढ्यात मी आमच्या कळमनुरीहून हिंगोलीला जाऊन तिथल्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. मला ती पदवी हवी होती, दुसरं काही नको होतं. मोठे काका मात्र पेटले. ते वडिलांचे थोरले भाऊ, घरात त्यांचाच शब्द चालायचा. आधी दात सरळ, मग लगेच लग्न, असा हुकूम निघाला. वडील भावापुढे ब्र काढत नसत. ते मला घेऊन नांदेडला दातांच्या डॉक्टरांकडे निघाले.

निघायच्या आधीच घरात सल्ल्यांचा बाजार भरला होता. काका म्हणाले, पुढचे दात उपटा अन् नकली बसवा, आठ दिवसांत भानगड मिटते. अरे, दात माझे की बाजारातल्या बैलाचे? काकूला काढता-घालता येणारी प्लेट पसंत होती, कारण पाहुणे आले की ती काढून पदराला बांधता येते.

डॉक्टरांनी चांगले दात उपटायला साफ नकार दिला. प्लेटनं दात थोडे मागे झुकतील, पण पोरं ती जेवताना काढतात अन् विसरतात, काम अर्धवट राहतं. चिकटवायच्या तारा सगळ्यात पक्क्या. पण दर महिन्याला आवळायला यायचं, ऊस अन् दाणे फोडणं बंद, आणि दोन वर्षं तोंडाला कुंपण.

मी विचारलं, यात सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. वडिलांना एकाएकी खोकला आला. तारा, असं उत्तर मिळालं. मग मला ताराच हव्या होत्या. तोंडात तारा असलेली पोरगी बघायला कोण येतंय?

लावल्या बाई. आवळून आलं की भाकरी दुधात कुस्करून गिळायची आणि डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. काका विचारायचे, किती राहिलं? मी आ वासून दाखवायचे. ते मान फिरवायचे.

दुसरं वर्ष संपत आलं आणि डॉक्टर खुशीत म्हणाले, पुढच्या खेपेला तारा काढू. मी तोंड मिटूनच घेतलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं आणि काकांनी परभणीचं एक स्थळ धरूनच ठेवलं होतं. डॉक्टर पुढे सांगत होते की तारा निघाल्या तरी वर्षभर प्लेट घालावी लागेल, नाहीतर दात पुन्हा पुढे येतील.

वडील खुर्चीत सरसावून बसले. एवढ्या खेपांत त्या खोलीत ते पहिल्यांदाच बोलले.

"म्हंजे इलाज अजून संपला न्हाई. बराबर?"

डॉक्टर म्हणाले, तसंच समजा.

"मग मी भावाला तेच सांगतो. अजून एक वर्ष पोरगी कुणाला दाखवायची न्हाई. तिचं कालेज बी तवाच संपतंय."

मला वाटत होतं, मी एकटीच सगळ्या घराला बनवतेय. अन् हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्याच बाजूनं खोकत होता. मला हसू फुटलं, आणि हात तोंडावर गेलाच नाही.