इंजिनात नसलेली जागा

आमच्या समाजाला सत्काराचं व्यसन आहे. कोणी चारधाम करून आलं, कोणी सरपंच झालं, की शाल, श्रीफळ आणि माइक हजर. यंदा माझ्या पुतणीचा नंबर लागला. बहादरपुरात केळीच्या बागेशेजारी वाढलेली ही पोरगी रेल्वेची परीक्षा देऊन असिस्टंट लोको पायलट, म्हणजे सहचालक, म्हणून निवडली गेली होती. रुजू व्हायचं की नाही हे मात्र घरात ठरत नव्हतं. तिला जायचं होतं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ती जायला नको होती. मी भुसावळ-खंडवा पट्ट्यात मालगाडी चालवतो, म्हणून दोघांनीही मला आपल्या बाजूचा धरलं होतं.

"माइकवर जरा घाबरव तिला," बुऱ्हाणपुरातल्या मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढताना दादा म्हणाला. "घरात माझं ऐकत नाही. तू बोलला तर सोचेल तरी."

प्रमुख पाहुण्यांनी इंजिन फक्त प्लॅटफॉर्मवरून पाहिलेलं असावं. त्यांनी पुतणीला रणरागिणी म्हटलं, मग नारीशक्ती म्हटलं, मग आणखी काही सुचेना म्हणून पुन्हा रणरागिणी म्हटलं. त्यानंतर मला 'युवकांना मार्गदर्शन' करायला उभं केलं: काम काय, पगार किती, पुढे संधी कोणती.

मी सांगितलं. सिग्नल दिसला की सहचालकाने हात वर करून त्याचा रंग मोठ्याने बोलायचा आणि चालकाने तो पुन्हा म्हणायचा. डुलकी लागली तर ती एकालाच लागावी म्हणून ही व्यवस्था. आम्ही दोन जाणती माणसं अख्खी ड्युटी एकमेकांवर लाल, पिवळा, हिरवा असं ओरडत असतो. पगार चांगला आहे, गाडी चालेल तितका किलोमीटरचा भत्ता वेगळा. इथे टाळ्या पडल्या. बढतीची वाट लांब आहे: आधी सहचालक, मग मालगाडी, मग पॅसेंजर, जमलंच तर मेल. सुट्टी मागितली की माणसं कमी आहेत म्हणतात आणि भरती मागितली की माणसं पुरेशी आहेत म्हणतात. इथे कोणी टाळी वाजवली नाही.

मग शाल पांघरून बसलेल्या पुतणीने विचारलं, "काका, इंजिनात संडास असतो का?"

हॉल हसला. मागून एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, चारचौघांत काय विचारते ही!"

"नसतो," मी म्हणालो. "काही नव्या इंजिनांत बसवलेत म्हणतात. माझ्या वाट्याला अजून तसं आलेलं नाही."

"मग?"

मग मी तेही सांगितलं. पुरुष गाडी बाजूच्या लाइनीत उभी राहिली की खाली उतरतात आणि मोकळे होतात. मुली ड्युटीच्या आधीपासूनच पाणी पिणं सोडतात. मे महिन्यात इंजिनाचा पत्रा हात लावू देत नाही आणि त्या कोरड्या तोंडाने सिग्नल पुकारतात. अगदीच सहन होईना तर वॉकीटॉकीवर स्टेशन मास्तरला सांगायचं, आणि ते आसपासच्या प्रत्येक सेटवर ऐकू जातं. एकदा एका मुलीने अशी विनंती केली तेव्हा सेटवर कोणीतरी शिट्टी मारली होती. सापडला असता तर मी त्याला हाणला असता. बोलता बोलता माझा आवाज चढला. समोरच्यांना लाज वाटेल अशी माझी भाबडी समजूत होती.

प्रमुख पाहुण्यांनी माइक ओढून घेतला. "पाहिलंत? याला म्हणतात त्याग! अशा त्यागातूनच राष्ट्र उभं राहतं!"

कडकडाट झाला. टाळ्यांचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी तक्रार मांडली होती. यांनी तक्रारीलाच शाल पांघरली.

घरी आल्यावर दादा खूश होता. "काय घाबरवलं रे! एक नंबर."

"दादा, मी तिला घाबरवलं नाही. मी शिव्या घालत होतो."

"काम तर झालं ना?"

"नाही झालं," पुतणी आतून म्हणाली. बाहेर आली ती भरलेला तांब्या घेऊनच. "मी पाणी पिणार, पप्पा. आणि सेटवर सांगणार. गाडी थांबवा, मला जायचंय म्हणून."

"सगळी लाइन हसेल."

"हसू दे. गाडी लेट झाली की का लेट झाली ते वर विचारतीलच. मग हसणाऱ्यांनाच सांगू देत कारण."

"चार्जशीट देतील तुला!" मी म्हणालो.

"मुतायला गेली म्हणून? द्या म्हणा. फ्रेम करून त्याच हॉलमध्ये लावते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पोरीला आवरावं अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हणालो, "जाऊ दे तिला." त्यानंतर दादा माझ्याशी बोललेला नाही.

ट्रेनिंगला ती निघाली तेव्हा बुऱ्हाणपूर स्टेशनवर तो आला नाही. आले ते समाजाचे अध्यक्ष, हार आणि फोटोग्राफर घेऊन. पुतणी डब्यात चढून जागेवर बसलीसुद्धा. त्या डब्याच्या दोन्ही टोकांना संडास होते, आणि पुढे इंजिनात ही गाडी ओढणारे दोघे बसलेले होते. "रणरागिणीला जरा दारात बोलवा, एक फोटो होऊन जाऊ दे," अध्यक्ष म्हणाले.

त्यावर मी अध्यक्षांना जे बोललो ते छापता येणार नाही. फोटो निघाला नाही. गाडी वेळेवर सुटली.