निगमनं मामींना दिलेलं घर

मामींच्या हातून वस्तू सुटायला वेळ लागत नसे. कोणी हक्क सांगत आलं की त्या म्हणत, "घे ना बाप्पा, तूच घे," आणि पुन्हा साडीवर वाकत. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या एका घराच्या मागच्या अंगाला आम्ही शेजारी शेजारी भाड्यानं राहायचो. मधे एक भिंत, अंगणात साऱ्यांना मिळून एकच नळ. त्या नळावर माझी साऱ्या गल्लीशी भांडणं झाली, मामींचं कधी कोणाशी झालं नाही. पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानदारांच्या साड्यांना फॉल लावून त्यांनी एकटीनं मुलगी वाढवली आणि गोंदियाला दिली. नवरा फार लवकर गेला होता.

तुमसरकडच्या गावात मामींचं सासरचं पक्कं घर होतं. दिरानं हिस्सा मागितला, तेव्हा त्यांनी हक्कसोड लिहून दिली. आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मी तर तोंडावर म्हटलं, "मामी, भांडायचं होतं!" त्या म्हणाल्या, "तिथं मी राहाले जाणार नाही. मंग भिंत कोणाच्या नावावर आहे, हे काहून पाहात बसू?"

रायपूर राजधानी झालं आणि जुन्या वस्तीतल्या जागांना अचानक मोल आलं. घरमालकाला घर पाडून दुकानं काढायची होती. दिवाळीपर्यंत जागा खाली करा, असं त्यानं बजावलं. त्याच सुमारास नगर निगमनं, म्हणजे इथल्या महापालिकेनं, गरिबांसाठी फ्लॅट बांधले. मामींनी आणि आम्ही बरोबरच अर्ज भरले. घर मला मिळेल याची मला खात्री होती. आम्ही चौघं, मुलं शाळेत जाणारी, हे सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात. मामी काय, एकटा जीव.

चौकशीला निगमचा माणूस आला. लोकांनी आदल्या दिवशीच कूलर आणि टीव्ही नातेवाइकांकडे पोचवले होते. मामींनी मात्र त्याला चांगल्या कपात चहा दिला आणि खुर्चीवर चादर अंथरली. मी दारातून हळूच म्हटलं, "मामी, गरीब दिसा की जरा!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पाहुणा आहे, त्याले फुटक्या कपात देऊ का?"

मग तो आमच्या घरी आला. यांना विचारलं, "गांव में घर है?" वर्ध्याकडच्या घरात यांचा भावाबरोबर हिस्सा होता. वर स्लॅब पडलेली, म्हणून घर पक्कं. एक खोली वाट्याला येणार, तीही जाऊबाईंच्या धान्यानं भरलेली. तिथं राहून सिलतऱ्याला कामावर कसं जाणार, हे निगमच्या नियमात कुठंच बसत नव्हतं. देशात कुठंही पक्क्या घरात नाव असलं की अर्ज बाद. आमचा बाद झाला.

मामींविरुद्ध गल्लीतल्या कोणीतरी आक्षेप घेतला, की बाईचं तुमसरला घर आहे. तेव्हा तोच दीर आपल्या पायांनी रायपूरला आला. निगमच्या झोन कार्यालयात सर्वांसमोर हात जोडून म्हणाला, "वहिनीनं सारं मले देऊन टाकलं, साहेब. तिच्यापाशी काही नाही." आम्ही ज्याला वेडेपणा म्हटलं होतं, तेच आता मामींची पात्रता ठरलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

फ्लॅटच्या सोडतीला त्या मला घेऊन गेल्या. विधवांच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात होत्या. पार्षद, म्हणजे नगरसेवक, एकेक काढून नाव पुकारत होते. मामींचं नाव येऊ नये, असं मी मनात म्हणत होते, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. नाव आलं. त्या रडायला लागल्या, मीही रडले. लोकांना वाटलं, केवढी माया!

मामी तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि आम्ही सिलतऱ्याच्या रस्त्याला एका खोलीत. तिथं दोरीवरच्या कपड्यांवर काळी धूळ बसायची. मामींकडे गेले की मी आधी गॅलरीत पाहायची. पांढरंशुभ्र पातळ वाऱ्यावर हलत असे. स्वतःचा नळ, स्वतःचा ओटा, भाडं मागायला येणारा घरमालक नाही. त्या प्रेमानं पोहे करायच्या आणि मी ओट्याकडे बघत ते गिळायची. घरी आल्यावर यांच्याशी भांडायची. "हिस्सा सोडा," म्हणायची. हे म्हणायचे, "मी काय मामी आहे?"

काही वर्षांनी मामींचे गुडघे गेले. जिना चढवेना, मुलगी न्यायला आली. मी धावतच गेले. म्हटलं, "मामी, कुलूप कशाला लावता? आम्ही राहतो. तुमच्या नावावरच राहू दे."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुह्यापेक्षा मले कोण जवळचं आहे, पोरी? पण निगमवाले तपासणीले आले तं काय सांगशील? मामी भाजी आणाले गेल्या म्हणशील? किती दिवस मी भाजी आणू?"

"मग काय करणार?"

"परत देतो. माह्यं काम झालं."

रागानं मी निघून आले. पण किल्ली द्यायला त्यांना सोबत हवी होती, आणि बोलावणं माझ्याकडेच आलं. कार्यालयातला बाबू हसायलाच लागला. "अम्मा, मिला हुआ घर कोई लौटाता है क्या?" कोणत्या साहेबाकडे पाठवायचं, हेच त्याला कळेना. मामी बाकावर बसून राहिल्या. "भैया, सोच ले आराम से. मेरी गाडी दोपहर की है," म्हणाल्या. शेवटी त्यानं किल्ली घेतली. पुढे ते घर रिक्षा चालवणाऱ्या कोणा माणसाच्या कुटुंबाला मिळालं. मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आता रायपूरजवळ नवी राजधानी उभी राहिली आहे आणि कर्ज काढून बांधलेलं आमचंही घर आहे. मामी गोंदियालाच वारल्या. मला आठवतो तो किल्ली देऊन आम्ही स्टेशनवर गेलो तो दिवस. लेक पाण्याची बाटली आणायला गेली होती. मामींच्या मांडीवर कपड्यांची एक पिशवी होती, बाकी काही नाही. मी खिडकीपाशी उभी होते. गाडी सुटायच्या आधीच मामींचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं, चेहऱ्यावर काहीही उरलेलं नाही अशी गाढ झोप. त्या घरात असताना मला त्यांचा जेवढा हेवा वाटला नव्हता, तेवढा तेव्हा वाटला.