डाव्या पाकळीचं गंध

गेल्या रविवारी फोनवर धाकटीनं विचारलं, आजी, तू देव मानतेस का? मी म्हटलं, रोज दिवा लावते. ते उत्तर नव्हतं, टाळाटाळ होती. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे, जी तुमच्या आईलाही माहीत नाही. तुमचे आजोबा ऑपरेशननंतर गेले, एवढं तुम्ही ऐकलं आहे. त्या ऑपरेशनला आमच्या देवीनं होकार दिला होता, असं घरात सगळे समजत होते. तो होकार मी बनवला होता.

बसवनगुडीतल्या घरात तेव्हा आम्ही चौघं राहत होतो. तुमचे आजोबा, मी, कॉलेजात जाणारी तुमची आई आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांच्या सासरची माणसं काही पिढ्यांपूर्वी कापडाच्या धंद्यासाठी बेंगळूरला आली ती इथलीच झाली. आत्याबाईंचं मराठी अर्धं कन्नड होतं. मी बी.एस्सी. झालेली, कॉन्व्हेंट शाळेत गणित शिकवणारी. माझ्या कपाटात प्रत्येक गोष्टीची वेगळी वही असे आणि आत्याबाईंच्या देवघरात प्रत्येक गोष्टीवर कौल असे.

कौल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. देवीचा तळहाताएवढा पितळी मुखवटा होता. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून त्याच्या उजव्या आणि डाव्या गालावर चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि समोर बसून राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जागा घ्यायची का, मुलीला सायन्सला जाऊ द्यायचं का, सगळं असंच ठरे. शेजारच्या अक्का मुलानं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नव्या कंपनीत जावं का, हे विचारायला आल्या होत्या. माझ्या नोकरीलाही देवीनंच होकार दिला होता, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तुमचे आजोबा आम्हा दोघींच्या मधे आरामात राहत. आईला म्हणत देवीला विचार, मला म्हणत डॉक्टरला विचार, आणि दोघींनी सांगितलेलं काहीच करत नसत.

त्या वर्षी त्यांच्या पोटात दोनदा जीवघेणी कळ आली. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, पित्ताशय सुजलेलं आहे, तिसऱ्या खेपेला काय होईल सांगता येत नाही, उशीर करू नका. मी सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावले, दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले, त्यांचंही मत तेच पडलं. आत्याबाई म्हणाल्या, शुक्रवारी विचारते. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते हसून उडवून लावतील. पण ते म्हणाले, "आई नाही म्हणाली तर मी टेबलावर झोपणार नाही. तेवढं तिचं राहू दे."

आत्याबाईंची बोटं तेव्हा थरथरू लागली होती. मुखवटा धुणं, पाकळ्या लावणं ही कामं माझ्याकडे आली होती, प्रश्न फक्त त्या विचारत. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. चुकून गंध लागलेली पाकळी संध्याकाळपर्यंत पडत नाही. शुक्रवारी सकाळी मी डाव्या पाकळीच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढं गंध लावलं. उजवी नुसत्या पाण्यावर चिकटवली, तीही जेमतेम. माझा हात जराही कापला नाही. फळ्यावर गणित सोडवताना कुठे कापतो?

आत्याबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली. त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, इतक्या लवकर ती कधी बोलली नव्हती.

ऑपरेशन ठीक झालं. मी शाळेतून रजा घेऊन नर्सिंग होममध्ये राहिले आणि नवी वही सुरू केली. ताप, नाडी, लघवी, किती पाणी प्यायले, सगळ्यांचे रकाने आखले. नर्स जे आकडे लिहून जाई ते मी उतरवून घेई. तुमचे आजोबा पडल्या पडल्या चिडवत, "हेडबाई, आज किती मार्क?" पहिले दोन दिवस असे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. ते प्यायले आणि म्हणाले, "थँक्यू."

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. मी पाणी दिलं की ते गार नाही म्हणत, भांडं धुतलं होतं का म्हणत, किंवा काहीच म्हणत नसत. ते थँक्यू एखाद्या अनोळखी बाईला म्हणावं तसं होतं. बाई कोण आहे हे माहीत नाही, पण आभार मानायला हवेत, असं. माझ्या पोटात खड्डा पडला. मी वही उघडली. ताप नव्हता. नाडी थोडी जलद होती, पण ऑपरेशननंतर तशी असते, असं नर्स म्हणाली होती. संध्याकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, काही तक्रार? मी काय सांगणार होते? की माझ्या नवऱ्यानं माझे आभार मानले? मी इंग्रजीत म्हटलं, सगळं नॉर्मल आहे. डॉक्टर खूश झाले. इतकी व्यवस्थित नातेवाईक त्यांनी पाहिली नव्हती, असंही म्हणाले.

सकाळी ताप चढला, पोट दगडासारखं झालं. पुन्हा उघडावं लागलं. आत पित्त झिरपत होतं. सहाव्या दिवशी ते गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, अर्धा दिवस आधी कळतं तर कदाचित फरक पडला असता, कदाचित नसताही. त्यातलं दुसरं वाक्य मला धीर द्यायला जोडलेलं होतं, ते मला समजलं.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी आत्याबाईंनी मुखवटा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोलली ती."

त्यानंतर कोणी काही विचारायला आलं की त्या दारातूनच परत पाठवत. सरी, म्हणजे बरं, आता ती बोलत नाही, म्हणत. दिवसभर पायरीवर बसून राहत. आज कोणती भाजी करू, एवढं विचारलं तरी त्यांना उत्तर सुचत नसे. अंगावरचं मांस झडलं. कौलाविरुद्ध मी इतकी वर्षं मनातल्या मनात वाद घातले होते. आता घरात कौल नव्हता, आणि मला दिसत होती ती एक म्हातारी, जिचा मुलगा गेला होता आणि देवीही गेली होती. मुलाचं काय ते मला ठरवता येत नाही. देवी मात्र मीच काढून घेतली होती, आणि ती मला परत देता येण्यासारखी होती. त्यासाठी फक्त तोंड उघडायला हवं होतं.

मी दोन वर्षं उघडलं नाही. त्यांना धक्का बसेल, तब्येत खालावेल, तुमच्या आईची परीक्षा आहे. कारणं मला नेहमीच चांगली सापडतात.

दुसऱ्या थंडीत एका दुपारी आम्ही दोघी अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलो होतो. तुमची आई कॉलेजात होती. आत्याबाईंनी दाणे सुपात टाकायचे ते सालांत टाकले आणि सालं सुपात. स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी तिचं काय वाईट केलं होतं गं?"

मी सांगितलं. शुक्रवार, गंध, डावी पाकळी, सगळं सांगितलं. वर्गात सांगते तसं क्रमानं सांगितलं. दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं मला येतच नव्हतं.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग विचारलं, "किती लावलंस?"

"टाचणीच्या डोक्याएवढं."

"म्हणजे ती हो म्हणालीच नव्हती."

"नाही."

"तू तिला बोलूच दिलं नाहीस." आवाजात राग नव्हता. हिशेब पुरता लागल्यावर माणूस जसा सुस्कारा सोडतो, तसा त्यांनी सोडला. उठल्या, हात धुतले, ट्रंक उघडली. मुखवटा काळा पडला होता. तो त्यांनी स्वतः चिंचेनं घासला, थरथरत्या बोटांनी, संध्याकाळपर्यंत. मी मदतीला पुढे झाले तर नुसती मान हलवून नको म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या जेवू लागल्या. पुन्हा माणसांत आल्या. माझ्याशी भाजीचं, शाळेचं, शेजारच्यांचं बोलत. पण माझ्या हातचं पाणी त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. स्वतःचा तांब्या स्वतः भरत. चार वर्षांनी अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुमच्या आईनं चमच्यानं पाणी पाजलं. तिला वाटलं, आजीला नातीचा लळा आहे. मी दाराशी उभी असे.

मुलांनो, ऑपरेशनचा निर्णय चुकला, असं मला अजूनही वाटत नाही. तेच रिपोर्ट पुन्हा समोर आले तर मी तेच सांगेन. पण म्हाताऱ्या बाईचा नकार तिच्या तोंडून येऊ देईन आणि मग तिच्याशी समोरासमोर भांडेन. कदाचित हरेन. आणि त्या दुपारी जे पोटात झालं, तेही कळणंच होतं. ताप येण्याच्या आधी ते मला कळलं होतं. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते गिळलं. विचार करणं मी सोडलेलं नाही, तुम्हीही सोडू नका. फक्त आपण विचार करतो आहोत की दुसऱ्याचं तोंड दाबतो आहोत, हे तपासायला मी शिकले, आणि फार उशिरा शिकले.

एक राहिलं. मुखवटा पुन्हा देवघरात दिसल्यावर शेजारच्या अक्कांनी आत्याबाईंना विचारलं होतं, की देवी तर खोटं बोलली होती ना? मी स्वयंपाकघरात होते. हातातलं काम थांबवून उत्तराची वाट पाहत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, ती खोटं नाही बोलली, त्या दिवशी वारा होता, पाकळी वाऱ्यानं पडली. पुढे ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं. देवीच्या नावानं खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. आमचं देवघर मधल्या खोलीच्या भिंतीतल्या कोनाड्यात होतं आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.