जर्मन साहेबाची आत्या

कापूस घ्यायला अमरावतीत आलेल्या जर्मन साहेबाने परतवाड्याच्या एका म्हातारीला फसवलं, आणि तिच्यापुढे मला खोटं पाडलं. सौदा मी जमवला होता. शब्द माझा गेला.

हे सांगून टाकलं, आता हेही सांगतो की त्या माणसावर माझा जीव होता. अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाला भाव आला, त्या दिवसांतली गोष्ट. मी गाडीवानाचा मुलगा, पाठीवर कापूस वाहता वाहता दलाल झालेला. रुमालाखाली बोटं धरून आम्ही सौदे करायचो. खोटं बोलताना साहेबाच्या तळहाताला घाम सुटायचा, म्हणून तो मला आवडायचा. भांडण तर रोजचं. मी ओरडायचो, तो त्याच्या भाषेत ओरडायचा आणि मग आम्ही एकत्र चहा प्यायचो.

त्याचा आजा तान्हं पोर आणि बायको मागे टाकून फौजेबरोबर हिंदुस्थानात आला, तो परत गेलाच नाही. साहेबाचा बाप जन्मभर ‘पळपुट्याचा पोरगा’ हे ऐकत वाढला. तिकडे गावोगावच्या चर्चमध्ये जन्म, लग्न, मरण लिहून ठेवायची पद्धत आहे. साहेबाने आपल्या गावची वही उतरवून आणली होती. आज्याचा जन्म होता, लग्न होतं, खाली एक मुलगा होता. पुढे कोरं. एवढंच कळलं होतं, की शेवटी तो निजामाच्या पलटणीत अचलपूरकडे होता.

म्हणून मी त्याला अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याला नेलं. छावणीच्या चर्चमधल्या दफनाच्या वहीत त्या आडनावाचा एक माणूस सापडला. नोव्हेंबरातली तारीख आणि साल होतं, दुसरं काही नाही. साहेबाचा चेहरा उतरला. ते आडनाव त्याच्या मुलखात घरोघरी असतं म्हणे.

मी बाजारात चौकशी केली. एक फुटाणेवाला म्हणाला, पलटणीच्या वस्तीत एक म्हातारी आपल्या गोऱ्या बापाच्या नावाने वर्षातून एकदा पान वाढते.

आम्ही तिचं घर गाठलं. तिची आई उत्तरेकडच्या, हिंदुस्थानी शिपायाची बहीण. म्हातारीचे डोळे घारे होते आणि जीभ आमच्यापेक्षा वऱ्हाडी. तिने कोनाड्यातून चिनी मातीची एक चिलीम काढली. तिच्यावर टेकडी आणि चर्चचा कळस रंगवलेला होता. साहेब बघतच राहिला. तो कळस त्याच्या गावाकडच्यासारखा होता, पण तसे कळस तिकडे पुष्कळ.

“बाप कवा गेला, बाई?” मी विचारलं.

“अगहन बदी पंचमी. साल कोन ध्यानात ठेवते? पान तिथीले वाढा लागते.”

अगहन म्हणजे मार्गशीर्ष आणि बदी म्हणजे वद्य, हे मी साहेबाला सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. अमरावतीला एक जोशी होते, जुनी पंचांगं जपणारे. चर्चच्या वहीतली तारीख आणि म्हातारीची मार्गशीर्ष वद्य पंचमी त्यांना दिली. त्यांनी त्या सालचं पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, “कार्तिक वद्य पंचमी. तुमचा माणूस महिनाभर आधी मेलेला आहे. हा तो नव्हे.”

साहेब उठून बाहेर जाऊन उभा राहिला. माझं डोकं तापलं. “महाराज, पंचांग बरोबर पाहा! म्हातारी का बापाची तिथी इसरन?”

“माझ्यावर ओरडून महिना हलत नाही.”

आणि ओरडता ओरडताच मला आठवलं. हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या हुंडीत मी असाच एकदा हात पोळून घेतला होता. त्यांचा महिना पुनवेला संपतो, आपला अवसेला. त्यांची अगहन बदी ती आपली कार्तिक वद्य! पंचमी तीच, दिवस तोच.

जोशीबुवांनी पंचांग मिटलं. “बाई हिंदुस्थानी आहे हे आधी सांगायला काय झालं होतं?”

मी बाहेर धावलो. साहेबाने भर रस्त्यात मला मिठी मारली.

आम्ही पुन्हा परतवाड्याला गेलो. भाचा आला म्हणून म्हातारीने पुरणाचा घाट घातला.

“हा पाहा, बाई. तुया भावाचा पोरगा.”

“मंग आत्याच्या घरी रिकाम्या हातानं आला काय रे?” म्हणून तिने त्याचा कान धरला. तो लाजला, पोरासारखा. मग तिने त्याच्या गावच्या वहीचं सगळं ऐकून घेतलं.

“त्याच्यात मी कोठी आहो?”

साहेब म्हणाला, “नहीं है.”

“कावून? मले का झाडाखाली सापडवलं?”

मग ती माझ्याकडे वळली. “तू दलाल आहेस ना? कर सौदा. चिलीम याले देतो. यानं मायं नाव तिकडं बापाच्या खाली लिहावं, आन् लिवलं म्हनून कळवावं.”

माझ्या आयुष्यातला हा एकच सौदा, ज्यात मी घासाघीस केली नाही. दोघांचे हात मी माझ्या हातात धरले आणि म्हणालो, जबाबदारी माझी.

लढाई संपली, भाव कोसळला, साहेबाला परत बोलावणं आलं. चिलीम घेऊन तो निघाला, अकोल्यापर्यंत मी त्याच्यासोबत गेलो. पोचताच लिहीन म्हणाला. रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर एक ओळ नाही. परतवाड्याच्या बाजाराला गेलो की म्हातारी वाटेतच गाठते. “काय म्हंते माया भाचा?” पाऊस, पीक, काहीतरी बोलतो आणि सटकतो. बाजारात कोणाला न भिणारा मी, तिची गल्ली टाळतो.

साहेब, तू मेला असशील तर तुझ्या घरच्यांनी सांगावं, मी तुझ्या नावाने पान वाढीन. जिवंत असशील तर सरळ उत्तर दे. पाद्री नाही म्हणाला, की तुलाच लाज वाटली? तिचं नाव लिहिलं की नाही लिहिलं?